हेल्गाचं काय झालं? : १९५१ च्या एका जर्मन हॉस्पिटल-पिक्चरबद्दल

नमस्कार मंडळी. पिक्चर सुरू व्हायच्या आधी मला अर्धा तास द्या असं मी म्हटलं तेव्हा आयोजकांनी विचारलं की अहो लव्हस्टोरी आहे, डॉक्टर आहे, आजारी मुलगी आहे, त्यावर अर्धा तास काय बोलणार? प्रश्न बरोबर आहे. हा पिक्चर कोऱ्या मनाने बघितला तर जुना, गोड, रडवणारा वाटतो आणि आपण डोळे पुसून घरी जातो. पण त्याच्या आधी दहा वर्षं काय घडलं होतं ते ठाऊक असेल तर तोच पिक्चर अंगावर येतो, माझ्या तरी आला, आणि म्हणून मी हट्टाने उभी आहे.

पिक्चरचं नाव ‘डॉक्टर होल’. पश्चिम जर्मनी, १९५१. दिग्दर्शक रोल्फ हान्सेन. डॉक्टर होल झालाय डीटर बोर्शे, आजारी मुलगी अँजेलिका म्हणजे मारिया शेल, आणि तिसरी हेल्गा, ती आहे हायडेमारी हाटहायर. हे तिसरं नाव लक्षात ठेवा, मी सारखी तिच्याकडे परत येणार आहे.

गोष्ट अशी. एका बड्या उद्योगपतीची एकुलती मुलगी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलीये, बापाकडे पैसा रग्गड आहे पण उपाय नाही. तिची शुश्रूषा करायला हेल्गा आहे, मेडिकलची विद्यार्थिनी, खर्च भागवायला नर्सचं काम करणारी. हेल्गाचं लग्न ठरलंय डॉक्टर होलशी, जो लॅबमध्ये एका सीरमवर, म्हणजे टोचून द्यायच्या औषधावर, काम करतोय. होल त्या मुलीला तपासायला येतो आणि मुलगी त्याच्या प्रेमात पडते. आता ती थोड्याच दिवसांची सोबती, तर तिला शेवटचं सुख मिळू दे, तू तिच्याशी लग्न कर, असं होलला कोण सांगतं? हेल्गाच सांगते. स्वतःच्या होणाऱ्या नवऱ्याला. तो दयेपोटी लग्न करतो, मग खरंच प्रेमात पडतो, सीरम सापडतं, मुलगी बरी होते, आणि हेल्गा बाजूला होते.

शेवट सांगून टाकला म्हणून रागावू नका, असल्या पिक्चरचा शेवट पोस्टर बघूनच कळतो आणि बघणाऱ्यांनाही तेव्हा कळलेलाच असायचा.

मी हा पहिल्यांदा लॅपटॉपवर आईबरोबर बघितला. माझी आई सरकारी हॉस्पिटलात ३२ वर्षं स्टाफ नर्स होती, रात्रपाळ्या करून तिच्या पायाच्या शिरा फुगल्या त्या अजून तशाच आहेत. तिला जर्मनचा एक शब्द येत नाही, मी मधे मधे अर्थ सांगत होते. नवरा-बायकोचं गोड चाललेलं तेव्हा ती सारखी विचारायची, ‘अगं पण त्या हेल्गाचं काय?’ संपल्यावर परत तेच. मी म्हटलं आई, पिक्चर होल आणि अँजेलिकाचा आहे. ती म्हणाली, ‘असेल. पण पेशंटपाशी रात्रभर कोण बसलेलं?’ मग मी हेल्गाचं काम करणाऱ्या बाईबद्दल वाचायला घेतलं आणि तिथून हे सगळं उलगडत गेलं.

हायडेमारी हाटहायर. १९४१ मध्ये, म्हणजे बरोबर दहा वर्षं आधी, ती एका दुसऱ्या डॉक्टर-पिक्चरमध्ये होती, ‘इश क्लागे आन’, म्हणजे ‘मी आरोप करतो’. दिग्दर्शक वोल्फगांग लीबेनआयनर. त्यात ती पेशंट आहे. हाना नावाची तरुण, हसरी, पियानो वाजवणारी बायको, तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होतो, म्हणजे शरीर हळूहळू लुळं करत जाणारा मज्जासंस्थेचा आजार. नवरा मोठा प्रोफेसर, डॉक्टर. तो लॅबमध्ये स्वतःला कोंडून घेतो, दिवसरात्र उपाय शोधतो, एकदा वाटतं सापडला, पण नाही सापडत. ती म्हणते मला आंधळी, बहिरी, गोळा होऊन पडलेली बघू नकोस, त्याआधी मला सोडव. आणि नवरा तिला विष देतो. मग कोर्ट, आणि कोर्टात तोच उलटा आरोप करतो, त्या कायद्यावर, जो असल्या ‘सुटके’ला खून म्हणतो.

आता बघा. डॉक्टर, लॅब, त्याच्यावर जीव टाकणारी तरुण बाई, असाध्य आजार, घड्याळाशी शर्यत. सांगाडा तोच आहे ना? १९४१ मध्ये लॅब हरते आणि डॉक्टर विष देतो. १९५१ मध्ये लॅब जिंकते आणि डॉक्टर जीव वाचवतो. दोन्हीकडे गोष्ट एकाच शब्दावर उभी आहे, दया. आणि दोन्हीकडे हाटहायर आहे, पहिल्यांदा पलंगावर, दुसऱ्यांदा पलंगाशेजारी.

‘मी आरोप करतो’ हा काही नुसता दुःखी पिक्चर नव्हता. नाझी सरकारला लोकांचं मन तयार करायचं होतं. तोवर बर्लिनच्या टीअरगार्टनस्ट्रासे ४ या पत्त्यावरून, ज्याच्यावरून ‘टी-४’ नाव पडलं, मानसिक रुग्ण आणि अपंग माणसांची यादी करून त्यांना मारायची यंत्रणा चालू होती. हाडामार, ग्राफेनेक, हार्टहाइम, झोनेनश्टाइन, बेर्नबुर्ग, ब्रांडेनबुर्ग अशी सहा ठिकाणं, सगळी एकाच वेळी चालू नव्हती, पण प्रत्येक ठिकाणी गॅस होता आणि गॅसचा नळ फिरवायला डॉक्टर. १९४० ते ऑगस्ट १९४१ एवढ्या काळात तिथे सुमारे ७०,००० माणसं मारली. घरच्यांना पत्र जायचं की न्यूमोनियाने गेले, अपेंडिक्सने गेले, आणि लोक काही दूधखुळे नव्हते, ज्याचं अपेंडिक्स आधीच काढलंय तो अपेंडिक्सने कसा मरेल? कुजबुज वाढली, मुन्स्टरचे बिशप गालेन ३ ऑगस्ट १९४१ ला चर्चमध्ये उघड बोलले, त्याच महिन्यात २४ तारखेला टी-४ वरवर थांबवलं, आणि पाचच दिवसांनी, २९ ऑगस्टला, हा पिक्चर लागला. कोट्यवधी लोकांनी बघितला. आणि मारणं? ते थांबलं नव्हतंच. गॅसऐवजी इंजेक्शन, जास्तीच्या गोळ्या, उपासमार, असं वॉर्डावॉर्डात १९४५ पर्यंत चालू राहिलं, मेलेल्यांचा आकडा लाखांत गेला.

त्या इंजेक्शनच्या सुया धरणारे हात बऱ्याचदा नर्सचे होते. हे वाचल्यावर मी आईला सांगितलं नाही कितीतरी दिवस. मग सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून भांडी घासायला गेली.

म्हणून १९५१ च्या पिक्चरमधली चांगली, निःस्वार्थी, पेशंटवर माया करणारी सिस्टर जेव्हा हाटहायर करते तेव्हा ते साधं कास्टिंग राहत नाही. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी तिला त्या १९४१ च्या कामामुळे काही वर्षं काम करायची बंदी घातली होती. तो पिक्चर आजही जर्मनीत खुला दाखवता येत नाही, कुणीतरी जाणकाराने आधी उभं राहून समजावून सांगायचं आणि नंतर चर्चा घ्यायची अशी अट आहे. तर बंदी उठलेली ही अभिनेत्री परत पडद्यावर येते आणि तिला दिलेलं काम काय, तर असाध्य पेशंटला जगवायचं. कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही, पण थिएटरात बसलेल्या किती तरी लोकांनी दोन्ही पिक्चर बघितले होते, चेहरा तोच होता, त्यांच्या पोटात काहीतरी हललं असेलच की.

आता डॉक्टरकडे येऊ. युद्धानंतर जर्मनीत बनलेला पहिला कथापट १९४६ चा, व्होल्फगांग श्टाउट्टेचा, ‘खुनी आपल्यातच आहेत’. त्याचा नायकही डॉक्टर! पण कसला डॉक्टर, तर युद्धातून परत आलेला, दारूत बुडालेला, पेशंटचं कण्हणं ऐकवत नाही म्हणून काम सोडलेला. तो ऑक्टोबरमध्ये लागला आणि डिसेंबरमध्ये न्यूरेम्बर्गला डॉक्टरांचा खटला सुरू झाला. २३ आरोपी, त्यातले २० डॉक्टर, कैद्यांवरचे प्रयोग आणि ही तथाकथित दया-मरणं. ऑगस्ट १९४७ ला निकाल, सात जणांना फाशी, सात निर्दोष, बाकीच्यांना तुरुंग. आज आपल्याकडे कुठल्याही ऑपरेशनच्या आधी जो कन्सेन्ट फॉर्म सही करायला देतात ना, त्या विचाराची एक मोठी मुळी त्या निकालपत्रात आहे, माणसाच्या मर्जीशिवाय त्याच्यावर प्रयोग नाही, हे तिथे पहिल्या कलमात लिहिलंय.

त्या खटल्याला आलेक्झांडर मिचरलिख नावाचे तरुण डॉक्टर निरीक्षक म्हणून बसले होते, जर्मन डॉक्टरांच्याच संघटनेने पाठवलेले. त्यांनी आणि फ्रेड मील्के यांनी सगळी कागदपत्रं एकत्र करून १९४९ मध्ये पुस्तक काढलं, १०,००० प्रती, फक्त डॉक्टरांसाठी. आणि काहीच झालं नाही. परीक्षण नाही, पत्र नाही, चर्चा नाही, जणू पुस्तक लिहिलंच गेलं नव्हतं असं मिचरलिखनी पुढे नोंदवून ठेवलंय. नाझी काळात जर्मन डॉक्टरांपैकी जवळपास निम्मे पक्षाचे सदस्य होते. दवाखाने तेच, माणसंही बरीचशी तीच. वेर्नर हायडे, टी-४ चा एक प्रमुख डॉक्टर, तो फ्लेन्सबुर्गमध्ये फ्रिट्झ झावाडे असं नाव घेऊन १९५९ पर्यंत आरामात प्रॅक्टिस करत होता. ही परिस्थिती. बाईला ताप आला, मूल खोकतंय, तर जायचं कुणाकडे? त्याच डॉक्टरकडे. आणि त्याच्या हातात आपला हात द्यायचा.

मला वाटतं इथे या पिक्चरची खरी गरज होती. माणूस आजारी पडल्यावर डॉक्टरवर विश्वास ठेवल्याशिवाय जगू शकत नाही, आणि ज्या देशात तो विश्वास असा तुटलाय तिथे लोकांनी तो कोर्टाच्या निकालातून परत मिळवला नाही, थिएटरच्या अंधारात मिळवला. बोर्शेचा चेहरा बघा ना. सरळ नाक, थकलेले डोळे, आवाज खालचा. हा मूळचा बॅले डान्सर, त्यामुळे उभा राहण्यात एक डौल आहे. १९४९ मध्ये त्याने एका पिक्चरमध्ये पाद्री केला होता आणि तो प्रचंड चालला, दोन वर्षांनी तोच माणूस डॉक्टर. झगा काळ्याचा पांढरा झाला, बाकी तोच.

आणि सीरम हा शब्दही साधा नाही. जर्मन माणसाला सीरम म्हटलं की एमिल फॉन बेरिंग आठवणार, घटसर्पाचं सीरम, १९०१ चं वैद्यकातलं पहिलंवहिलं नोबेल. घटसर्पाने गुदमरून मरणारी मुलं त्या सुईने वाचली, हे त्यांच्या आज्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. म्हणजे सुईची चांगली आठवणही होती देशाकडे, आणि पिक्चर नेमकी ती आठवण उचलतो. हे मला फार हुशारीचं वाटतं, आणि थोडं दुखतंही, कारण मधली नाझी राजवटीची बारा वर्षं उचलून बाजूला ठेवली की बेरिंगपासून होलपर्यंत सरळ स्वच्छ रस्ता दिसतो.

मारिया शेलबद्दल थोडक्यात. व्हिएन्नाची, १९२६ चा जन्म, १९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरने गिळल्यावर घरचे सगळे स्वित्झर्लंडला गेले. म्हणजे हा चेहरा नाझी पडद्यावरचा नव्हता, लोकांच्या मनात त्याच्याशी काही वाईट जोडलेलं नव्हतं. डोळ्यात पाणी आणि ओठावर हसू, दोन्ही एकदम, ही तिची खासियत, तिला ‘झेल्शन’ म्हणायचे, आपण लाडाने ‘जिवा’ म्हणतो ना तसं काहीसं. १९५४ मध्ये तिने युगोस्लाव्हियात पार्टिझन, म्हणजे नाझींशी गनिमी लढाई करणाऱ्या लोकांच्या हाती लागलेली जर्मन डॉक्टर केली, ते काम मला यापेक्षा खूप मोठं वाटतं, तिथे ती शत्रूच्या जखमा बांधते. तिचा धाकटा भाऊ मॅक्सिमिलियन याला पुढे न्यूरेम्बर्गवरच्याच अमेरिकन पिक्चरसाठी ऑस्कर मिळालं, नाझी न्यायाधीशांच्या वकिलाच्या कामाबद्दल.

आता १९५१ हे वर्ष जरा नीट बघू, कारण त्या एका वर्षात आजारपण आणि डॉक्टर यांच्यावर अजून दोन पिक्चर आले आणि तीनही शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

जानेवारीत ‘दी झ्युंडरिन’ आला, म्हणजे पापिणी. हिल्डेगार्ड क्नेफ, तीच जी ‘खुनी आपल्यातच आहेत’ मध्ये होती. तिचा चित्रकार प्रियकर, गुस्टाव फ्र्योलिश, त्याला मेंदूत गाठ, आंधळा होत जातो, आणि शेवटी ती त्याला झोपेचं औषध देऊन मारते आणि स्वतःही घेते. केवढा गहजब झाला. कोलोनच्या कार्डिनलनी पत्रक काढलं, थिएटरांबाहेर निदर्शनं. आज सगळे म्हणतात क्नेफ काही सेकंद उघडी दिसली म्हणून गोंधळ झाला, पण चर्चचा राग तेवढ्यावर नव्हता, प्रेमापोटी मारणं आणि आत्महत्या यावरही होता. दहा वर्षांत हे दुसऱ्यांदा पडद्यावर येत होतं.

सप्टेंबरमध्ये आला पेटर लोरेचा ‘डेर फेरलोरेने’, म्हणजे हरवलेला. लोरे हिटलरच्या वेळी देश सोडून गेलेला ज्यू नट, तो परत आला, स्वतः दिग्दर्शन केलं, स्वतः मुख्य काम केलं. त्याचा नायक कोण? लॅबमध्ये संशोधन करणारा डॉक्टर. हॅम्बुर्गमध्ये युद्धाच्या काळात प्रयोग करत बसलेला, त्याच्या होणाऱ्या बायकोने संशोधनाची माहिती बाहेर पोचवलेली असते, तो तिचा गळा दाबतो, आणि सरकारला संशोधन हवं असतं म्हणून प्रकरण दाबलं जातं. युद्धानंतर निर्वासितांच्या छावणीत हाच माणूस डॉक्टर म्हणून सुया टोचत असतो, वेगळ्या नावाने. हायडेचं बिंग फुटायच्या आठ वर्षं आधी! लोक आले नाहीत, पिक्चर पडला. लोरे अमेरिकेला परत गेला, त्यानंतर त्याने एकही पिक्चर दिग्दर्शित केला नाही.

लॅबमधला डॉक्टर आणि त्याची वाग्दत्त वधू, दोन्हीकडे. एकात तो तिला मारतो, दुसऱ्यात ती त्याच्यासाठी मागे सरते. लोरेचा लोकांनी निवडला नाही ते आत्ताच सांगितलं. मला त्यांचा राग येत नाही. १९५१ मध्ये तिकीट काढून बसलेल्या बाईचा नवरा रशियात मेलेला किंवा बेपत्ता, घर बॉम्बने गेलेलं, दिवसभर कुठेतरी टाइप करून आलेली. देशात पुरुषांपेक्षा बायका लाखोंनी जास्त होत्या. दोन बायका आणि एक पुरुष, यात तिला त्रिकोण दिसला नसेल, तिला रोजचा हिशोब दिसला असेल. हेल्गा बाजूला होते तेव्हा ती हेल्गासाठी रडली असणार, माझी खात्री आहे.

आणि आता ज्याच्यासाठी मी खरं तर आले ते. या पिक्चरची स्क्रिप्ट कुणी लिहिली? थेआ फॉन हार्बू हिने. सिनेमावाले लोक इथे बसलेत त्यांना नाव ठाऊक असेल. ‘मेट्रोपोलिस’ हा गाजलेला मूकपट तिने लिहिलेला. लोरेला ज्या भूमिकेने जगभर ओळख दिली, तो बालहत्या करणारा माणूस, ‘एम’, त्याची स्क्रिप्ट तिची आणि तिचा तेव्हाचा नवरा, दिग्दर्शक फ्रिट्झ लांग, याची. फ्र्योलिश, जो १९५१ मध्ये पापिणीचा मरणारा चित्रकार झाला, तो ‘मेट्रोपोलिस’चा नायक. म्हणजे त्या वर्षीच्या या तीन पिक्चरमध्ये पंचवीस वर्षांपूर्वीच्या तिच्या घरातली माणसं विखुरलेली आहेत.

लांगशी १९३३ मध्ये घटस्फोट झाला. आणि तिचं पुढचं लग्न झालं ते अयी तेंडुलकरांशी. हो, आपल्याकडचे, बेळगावकडचे. शिकायला युरोपात गेलेले, बर्लिनमध्ये पत्रकारिता करायचे, तिच्यापेक्षा सुमारे सतरा वर्षांनी लहान. तिच्यासारख्या नामांकित बाईने एका सावळ्या हिंदी माणसाशी उघड लग्न करणं नाझी राज्यात चालण्यासारखं नव्हतं म्हणून दोघांनी ते गुपचूप केलं. आणि हीच बाई नाझी पक्षाचीही सदस्य झाली, त्यांच्या काळात पिक्चर लिहीत राहिली. नंतर तिने सांगितलं की नवऱ्यासारख्या भारतीयांना मदत करता यावी म्हणून मी पक्षात गेले. मदत तिने केली यात शंका नाही, बर्लिनमधल्या आपल्या विद्यार्थ्यांना तिचं घर उघडं असायचं. पण पक्षात राहून लिहिलेले पिक्चरही तिचेच, ते त्या मदतीने पुसले जात नाहीत. मला ही बाई आवडते आणि तरी हे मी सोडू शकत नाही.

युद्धाच्या तोंडावर तेंडुलकर भारतात परतले, बेळगावात मराठी पेपर काढला, इंग्रजांनी तुरुंगात टाकलं. इकडे थेआ बर्लिनमध्ये, वरून बॉम्ब पडतायत आणि ती जखमींना बाहेर काढायचं, मलमपट्टी करायचं काम करत होती, त्याबद्दल तिला पदकही मिळालं. १९४५ मध्ये तेंडुलकरांनी सेवाग्रामला गांधीजींच्या आशीर्वादाने इंदुमती गुणाजींशी लग्न केलं. त्याच १९४५ मध्ये थेआ इंग्रजांच्या छावणीत कैद होती, आणि सुटल्यावर बर्लिनच्या ढिगाऱ्यांतून विटा उचलायच्या कामावर. पन्नाशी ओलांडलेली बाई, जिच्या शब्दांवर एकेकाळी हजारो एक्स्ट्रा आणि कारखान्याएवढे सेट उभे राहायचे. इंदुमती आणि तेंडुलकर यांच्या मुलीने या तिघांवर पुस्तक लिहिलंय, जमलं तर वाचा, तेंडुलकरांच्या घरातून ही गोष्ट कशी दिसते ते त्यात कळतं.

तर मग हेल्गा. आपल्या माणसाला सांगणारी बाई, की जा, तिच्याशी लग्न कर, तिला तुझी जास्त गरज आहे. हे लिहिणारी साठी ओलांडलेली, आणि तिचा स्वतःचा माणूस हजारो मैलांवर वेगळ्या बाईशी संसार करतोय. हेल्गा म्हणजे थेआ असं मी म्हणणार नाही, लेखक एवढं सरळ कधीच लिहीत नाहीत आणि तिने आयुष्यभर त्याग करणाऱ्या बायका रंगवल्यात, १९२१ पासून. पण या हेल्गात मला एक थकवा दिसतो, जो तिच्या आधीच्या बायकांत नाही. ती हुतात्मा झाल्यासारखी बोलत नाही. ती नर्ससारखी बोलते. म्हणजे, आत्ता या पेशंटला काय हवंय, ते करून टाकू.

आईचा प्रश्न इथे मला परत ऐकू येतो.

रोल्फ हान्सेनबद्दल फार सांगत नाही. १९४२ चा ‘दी ग्रोस्से लीबे’, म्हणजे ‘मोठं प्रेम’, नाझी काळातला सगळ्यात गाजलेल्यांपैकी एक पिक्चर, तो याचाच. त्यातही प्रेम आहे आणि वाट बघणारी बाई आहे, तिने तक्रार न करता वाट बघावी हाच त्याचा निरोप होता. ‘डॉक्टर होल’ नंतर तो डॉक्टरांचाच झाला म्हणा ना, १९५२ मध्ये बोर्शेला घेऊन एक, ज्यात युद्धातून आलेला माणूस डिग्री पूर्ण नसताना डॉक्टर म्हणून काम करतो, आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध सर्जन झाउअरब्रुख यांच्यावर, परत हाटहायरला घेऊन. १९४१ चा लीबेनआयनर, त्याचं काय झालं विचाराल, तर त्याने १९५६ मध्ये गाणाऱ्या ट्राप कुटुंबावर पिक्चर काढला, तोच विषय पुढे ‘साउंड ऑफ म्युझिक’ झाला. काम कुणाचंच थांबलं नाही.

१९५६ मध्ये पश्चिम जर्मनीत ८० कोटींच्या वर तिकिटं विकली गेली, लोकसंख्या पाचेक कोटी. त्यात जंगल-डोंगरांचे पिक्चर आणि डॉक्टरांचे पिक्चर, या दोन रांगा मोठ्या. मग स्टेशनवरच्या स्टॉलवर डॉक्टरांच्या कादंबऱ्यांची पातळ पुस्तकं, आणि १९८५ पासून टीव्हीवर ब्लॅक फॉरेस्टमधल्या क्लिनिकची मालिका, तीही तुफान चालली. मधे कॉन्टरगान झालं. झोपेची साधी गोळी, १९५७ मध्ये बाजारात आली, गरोदर बायकांनी निर्धास्त घेतली, आणि हजारो मुलं हात-पाय अपुरे घेऊन जन्मली, नोव्हेंबर १९६१ मध्ये ती मागे घेतली. ज्या आया त्या गोळीवर विसंबल्या त्या दहा वर्षांपूर्वी ‘डॉक्टर होल’ बघून आल्या असतील, वय तेच बसतं. हे मनात आलं की मी दर वेळी थबकते.

आता थेआचं शेवटचं सांगते आणि थांबते. १९२१ मध्ये तिने लांगबरोबर ‘डेर म्यूडे टोड’ लिहिला होता, म्हणजे थकलेला मृत्यू. आपली सावित्री यमामागे जाते तशी त्यातली तरुणी मृत्यूच्या दारात जाऊन आपला माणूस परत मागते. पण तिथला मृत्यू वाद घालण्यात हरत नाही. तो म्हणतो, बदल्यात दुसरा जीव आण. ती म्हाताऱ्यांकडे जाते, भिकाऱ्याकडे जाते, कुणी एक श्वास द्यायला तयार नाही. मग एका आजारी-अनाथांच्या आश्रमाला आग लागते, आत एक तान्हं मूल राहिलंय, ती आगीत शिरते, मूल तिच्या हातात आहे आणि समोर मृत्यू हात पुढे करून उभा. आणि ती ते मूल त्याला देत नाही. खिडकीतून खाली त्याच्या आईकडे सोडते आणि स्वतः आगीत राहते.

१९५४ च्या उन्हाळ्यात बर्लिन महोत्सवात हा मूकपट परत दाखवला, थेआला मानाने बोलावलं. बघून बाहेर पडताना ती पडली, दुखापत झाली, आणि १ जुलैला हॉस्पिटलातच वारली. ६५ वर्षांची होती.

तान्ह्याला मृत्यूच्या हाती न देणारी ती मुलगी लिहिणारी बाई, १९४१ मध्ये अपंग मुलांना मारणाऱ्या राज्यात पक्षाचं कार्ड बाळगून होती, आणि १९५१ मध्ये तिने असाध्य पेशंटला जगवलं. माझ्याकडून याचा मेळ लागत नाही, मी खूप प्रयत्न केला.

प्रोजेक्टर तयार आहे असं खुणावतायत. एकच विनंती. अर्धा पिक्चर झाल्यावर हेल्गा होलला सांगते की तू तिच्याशी लग्न कर. सगळे तेव्हा त्याच्याकडे बघतात, कारण आता तो काय म्हणणार हे हवं असतं. तुम्ही हाटहायरकडे बघा. दहा वर्षांपूर्वी त्या पलंगावर ती होती आणि कुणी तिला जग म्हणालं नव्हतं. घरी माझी आई जागी असेल, तुमच्यापैकी कुणाला हेल्गाचं काय झालं हे नीट कळलं तर मला सांगा, मी तिला सांगेन.

लाइट बंद करा.